सातवा साक्षीदार

केळव्याच्या सुरूच्या बनातून बाहेर या आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहा. ओहोटी लागली आहे, पाणकोटापर्यंत चालत जाता येईल. मागे पानवेलींच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे केळवे रोड स्टेशन आणि तिथे थांबणारी डहाणू लोकल. सुट्टीला आलेल्यांना एवढे ठाऊक असते. मला तुम्हाला याच वाळूवरून ३५० वर्षे मागे न्यायचे आहे आणि मग आपल्या काळापर्यंत परत आणायचे आहे, कारण एक प्रश्न मला सोडत नाही. माणसाला दुखवून, जागवून, घाबरवून जी कबुली मिळते तिच्यात त्याचे किती असते आणि विचारणाऱ्याचे किती?

जानेवारी १६७४. वारा उत्तरेचा आहे. सुरूची झाडे नाहीत, ती पुढे केव्हा तरी लावली जातील. भुईकोट वाळूत बुडालेला नाही. इथे पोर्तुगीजांचा अंमल आहे आणि चिमाजी आप्पांची फौज यायला अजून ६५ वर्षे आहेत. वलांडीवर बोंबील वाळत आहेत, वाडीत रहाट कुरकुरतो आहे. तुम्ही डोळ्यांवर हात धरून पाहता, तर क्षितिजालगत दमणहून वसईकडे निघालेली शिडे दिसतात. तिथे बेड्या घातलेले कैदी आहेत हे किनाऱ्यावरून कळायचा मार्ग नाही. त्यांच्यातला एक चोविशीचा फ्रेंच वैद्य आहे, शार्ल देलाँ. मागच्या ऑगस्टात त्याला दमणमध्ये पकडले. त्याने चोरी केली नाही, कोणाला मारले नाही. बाप्तिस्म्याविषयी, मूर्तींच्या पूजेविषयी आणि इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायासनाच्या न्यायाधीशांविषयी तो चारचौघांत काही बोलला होता. त्याच्या मते खरे कारण दमणच्या गव्हर्नरचा एका स्त्रीवरून झालेला मत्सर होते.

त्याच्याबरोबर तुम्हीही चढा. वसईच्या तुरुंगात काही दिवस, मग पुन्हा समुद्र, मग मांडवीच्या काठचे जुने गोवे. तिथल्या लोकांनी ज्याला मोठे घर म्हणायचे आणि ज्याच्या समोरून जाताना आवाज खाली घ्यायचा, त्या इन्क्विझिशनच्या इमारतीत तुम्हाला नेतात. खोली लहान, चौकोनी, चुन्याने रंगवलेली. जेवण बरे, औषधपाणी होते. पण बोलायचे नाही, रडायचे नाही, देवाचे नावसुद्धा मोठ्याने घ्यायचे नाही. आवाज झाला की पहारेकरी येऊन मारतो. या शांततेचा उपयोग तुम्हाला नोव्हेंबर-डिसेंबरात कळतो. तेव्हा रोज सकाळी छळाच्या खोलीतल्या माणसांच्या किंकाळ्या साऱ्या इमारतीत ऐकू जातात.

तुम्हाला चौकशीला बोलावतात. आरोप काय आहे ते सांगत नाहीत. तक्रार कोणी केली तेही सांगत नाहीत. उलट तुम्हालाच विचारतात की, तुला इथे का आणले असेल? देलाँने आठवले तेवढे सारे पहिल्या दमात सांगून टाकले, कारण सांगितले की सुटू असे त्याला वाटले. त्याला पुन्हा कोठडीत पाठवले, नीट आठव म्हणून. महिने गेले. आपण केलेली कबुली अपुरी का पडते हेच त्याला उमजेना. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला.

आणि देलाँवरचा आरोप निदान बोलण्याचा तरी होता, तो खरोखर बोललाही होता. शेजारच्या कोठड्यांतून असे लोक होते की ज्यांनी काहीच केले नव्हते. ख्रिस्ती झालेल्या ज्यू घराण्यांतल्या माणसांवर आरोप असे की तुम्ही घरात गुपचूप जुना धर्म पाळता. देलाँने त्यांची कोंडी फार बारकाईने लिहून ठेवली आहे. गुन्हा नाकारला तर हट्टी म्हणून आग. कबूल केला तर जीव वाचणार, मालमत्ता जाणार. पण नुसते हो म्हणून भागत नसे. कधी, कुठे, कोणाबरोबर, हे सांगावे लागे आणि ते तुमच्यावर ज्यांनी साक्ष दिली त्यांच्या सांगण्याशी जुळावे लागे. ती साक्ष देणारे कोण हे तुम्हाला ठाऊक नाही. मग तुम्ही काय कराल? तुम्ही ओळखीच्या सगळ्यांची नावे घ्याल. भाऊ, व्याही, गिऱ्हाईक, शेजारी. यादीतली काही नावे जुळतील आणि तुम्ही वाचाल. उरलेल्या नावांच्या दारावर पुढच्या महिन्यात थाप पडेल.

दोषी ठरवायला सात साक्षीदार लागत. देलाँ सांगतो की कधी कधी छळाखाली कबूल झालेल्या आरोपीलाच त्यांच्यात मोजले जाई. आपल्याविरुद्धचा सातवा साक्षीदार आपणच.

१२ जानेवारी १६७६ च्या मिरवणुकीत शिक्षा वाचून दाखवल्या गेल्या. देलाँला पोर्तुगालच्या सक्तमजुरीत पाच वर्षे. १६७७ साली तो सुटला आणि दहा वर्षांनी त्याची हकिगत छापून आली. आपल्याकडे अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्यात देलाँला पुन्हा उजेडात आणले. याच न्यायासनाने १७३६ साली एतद्देशीय ख्रिस्त्यांना लग्नात पान-सुपारी आणि फुले वाटायलाही बंदी केली. केळव्याच्या वाडीत खुडलेल्या पानासारखे एक पान, आणि ते दिल्याची कबुली द्यायची पाळी.

आता वेगाने पुढे. १८५५ साली मद्रास इलाख्यात सरकारनेच नेमलेला चौकशी आयोग लिहून देतो की महसूल वसुलीत आणि पोलीस तपासात छळ सर्रास चालतो. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात एक कलम येते: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. हा कायदा लिहिणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने पोलीस छळ का करतात याचे ऐकलेले कारण नोंदवून ठेवले आहे, आणि ते क्रौर्याहून साधे आहे. पुरावा शोधायला उन्हात पायपीट करावी लागते, मिरचीची पूड हाताशी असते. परक्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या पोलिसांवर दाखवलेला हा अविश्वास स्वतंत्र भारतानेही जपला. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे.

मग अविश्वासाच्या त्या भिंतीला भगदाडे पडली. १९८७ च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याने अधीक्षकाच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा मानली. महाराष्ट्राने १९९९ साली मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा केला, त्याच्या कलम १८ मध्येही तेच. मुंबईत तो दर्जा उपायुक्ताचा. कल्पना अशी की वरचा अधिकारी मारणार नाही, मारू देणार नाही. टाडा गेला, त्याच्याच जातीचा पोटा येऊन गेला. मोक्का अजून आहे.

मंगळवार, ११ जुलै २००६. या वेळी तुम्ही केळव्याचेच आहात. फोर्टातली नोकरी, चर्चगेटहून विरार लोकल, विरारला उतरून शटल, कारण लोकल डहाणूपर्यंत यायला अजून सात वर्षे आहेत. पावसाळी संध्याकाळ आहे, अंगाला अंग लागून उभे आहात, कोणाच्या तरी छत्रीचे पाणी तुमच्या बुटात गळते आहे. ६ वाजून २४ मिनिटे ते ६ वाजून ३५ मिनिटे, या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट होतात, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. तुम्ही पुढच्या डब्यात होता. रुळांत उतरता तेव्हा झोपडपट्टीतली पोरे चादरी घेऊन धावत येत असतात, त्या चादरींत माणसे उचलून नेतात. फोन लागत नाही. केळवे रोडला पोहोचता तेव्हा रात्र उलटून गेलेली असते आणि फलाटावर बायका उभ्या असतात, आपापला माणूस उतरतो का पाहत.

१८० हून अधिक माणसे मेली, ८०० हून अधिक जखमी झाली. त्या रात्री तुम्हाला जे वाटले ते चुकीचे नव्हते. ज्यांनी हे केले ते सापडले पाहिजेत, लवकर सापडले पाहिजेत, आणि त्यांच्याकडून कसे वदवून घ्यायचे ते पोलिसांनी बघावे. महाराष्ट्रातल्या गुन्हेवार्ता वाचत मोठ्या झालेल्या आपल्या सगळ्यांना एक वाक्य तोंडपाठ असते: पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली. ते वाक्य वाचताना कपात चहा असतो आणि मनात समाधान.

दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांना पकडले. मोक्का लावला गेला. ३० सप्टेंबरला पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषदेत स्फोटांचा उलगडा झाल्याचे जाहीर केले. कबुलीजबाब ऑक्टोबरात नोंदवले गेले. हा क्रम लक्षात ठेवा.

आता मी तुम्हाला ज्या खोलीत नेणार आहे ती तुम्हाला नकोशी वाटेल. कोणी तरी तुमचे नाव घेतले आहे. कोणी ते कळत नाही. तुम्हाला विचारतात, स्फोटांच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी कुठे होतास? आठवून पाहा. खरोखर आठवून पाहा, मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होता? तुम्ही घरी म्हणता. खोटे, म्हणतात. आरोपींनी पुढे न्यायालयाला जे सांगितले त्यात पट्ट्याचे फटके होते, पाय विरुद्ध दिशांना ताणणे होते, विजेचे झटके होते, दिवसचे दिवस झोपू न देणे होते. पोलिसांनी हे आरोप नाकारले. मी फक्त झोपेचे धरतो. तिसऱ्या रात्री तुमचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास जातो. समोरचा माणूस तर सारे ठाऊक असल्यासारखा बोलतो आहे. बैठक कुठे झाली, कोण होते, पिशव्या कशा होत्या, हे त्याच्या प्रश्नांतूनच तुम्हाला कळते. तुमच्या बायकोला, भावाला आणू म्हणतो. एका सहीने हे सारे थांबणार आहे. न्यायाधीश लांब आहे, कधी तरी भेटेल, तेव्हा खरे सांगू असे तुम्ही स्वतःला समजावता.

मला इथे थांबून एका गोष्टीला उत्तर द्यायचे आहे, कारण ती तुमच्या मनात आली असणार. मार खाऊन कित्येकदा खरे बाहेर येते. चोरीचा माल सापडतो, पुरलेले हत्यार सापडते. येते, मान्य. पण त्या खोलीत खरे बोलणारा आणि मार चुकवण्यासाठी हवे ते बोलणारा सारखेच विव्हळतात, सारख्याच घाईने बोलतात. समोरच्याने आधीच ठरवलेली गोष्ट त्याला ऐकू आली की मारणे थांबते. म्हणजे थांबण्याची खूण खरेपणाची नसते, जुळण्याची असते. गोव्याच्या मोठ्या घरातही कबुली जुळावी लागत होती. तिथे कैद्याला अंदाज करावा लागे, इथे आयते सांगितले जाते, एवढाच काय तो फरक.

त्या १३ जणांत अब्दुल वाहिद शेख नावाचे शाळामास्तर होते. आपला छळ झाला तरी आपण कबुलीवर सही केली नाही, असे ते सांगतात. २०१५ साली विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एकटे शेख सुटले, नऊ वर्षांनी. पुढे त्यांनी या अनुभवावर ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. ज्यांचे कबुलीजबाब नोंदवले गेले होते त्यांनी न्यायालयीन कोठडीत जाताच ते मागे घेतले होते, पण मागे घेतलेल्या जबाबांवरही फाशीची शिक्षा झाली.

मधेच एक गोष्ट घडली होती, जिने माझी झोप उडवली. २००८ मध्ये मुंबई गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या प्रकरणात सादिक शेख याला पकडले. चौकशीत त्याने सांगितले की लोकलमधले स्फोट आम्ही केले. तीही कोठडीतलीच कबुली, आणि पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात तो फिरला, म्हणून तिच्यावरही मी भरवसा ठेवणार नाही. पण पाहा, एक शहर, एक पोलीस दल, एकच गुन्हा, आणि दोन शाखांच्या कोठड्यांतून दोन वेगळ्या टोळ्यांच्या कबुल्या. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. निदान एका खोलीत तरी माणूस न केलेले केले म्हणाला होता.

त्याच २००६ च्या ८ सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावात हमीदिया मशिदीपाशी आणि बडा कब्रस्तानात स्फोट झाले. तिथेही याच पथकाने नऊ मुसलमान तरुणांना पकडले, तिथेही मोक्का, तिथेही कबुल्या. पाच वर्षांनी राष्ट्रीय तपास यंत्रणेने तपास हाती घेतला आणि तो दुसऱ्याच लोकांकडे गेला. २०१६ च्या एप्रिलात विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केले. त्यांच्यातला एक तोवर हयात नव्हता.

२१ जुलै २०२५. मुंबई उच्च न्यायालय, न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक. आरोपी राज्यातल्या वेगवेगळ्या तुरुंगांतून पडद्यावर दिसत आहेत. ते १२ नाहीत, ११ आहेत. कमाल अन्सारी २०२१ साली नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला, फाशीची शिक्षा डोक्यावर असताना. ६७१ पानांच्या निकालाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. मी त्या निकालातला कबुल्यांचा भाग वाचायला सांगेन. वेगवेगळ्या उपायुक्तांनी, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांचे जबाब घेतले, आणि तरी उतारेच्या उतारे शब्दाला शब्द जुळतात. न्यायालयाने ते शेजारी शेजारी मांडून दाखवले. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या नोंदी छळाची शक्यता दाखवणाऱ्या निघाल्या. स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही. जबाबांत सारे काही होते आणि ज्याने स्फोट घडवला असता त्याला जे सांगता आले असते तेच नेमके नव्हते. दोघे भाऊ रोज एकच रस्ता चालून येतात तरी घरी येऊन त्याचे वर्णन वेगळे करतात. शब्द जुळतात तेव्हा लिहिणारा एक असतो.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जाण्याची गरज नाही. राज्य सरकारचे अपील तिथे आहे. अंतिम शब्द तिथे लिहिला जाईल.

पण मला त्या रात्री केळवे रोडच्या फलाटावर उभ्या असलेल्या बायकांविषयी बोलायचे आहे. त्यांच्यातल्या जिचा माणूस उतरला नाही, तिला १९ वर्षे सांगितले गेले की गुन्हेगार सापडले, शिक्षाही झाली. ती शांत झाली असेल, नसेल. आता तिला सांगतात की तसे सिद्ध झालेले नाही. उच्च न्यायालयाने निकालाच्या आरंभीच हे म्हटले आहे: गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा समाजाला दिलासा देतो आणि खरा धोका मोकळा राहतो. तपासाच्या बाजूने पाहा. कबुली हातात आल्यावर दुसरा धागा कोण ओढणार? त्या काळातले फोनचे तपशील, दुकानांच्या पावत्या, ज्यांनी पिशवीवाला माणूस पाहिला असेल त्यांच्या ताज्या आठवणी, हे पहिल्या काही आठवड्यांतच मिळते. २००६ च्या ऑक्टोबरात ते शोधणे थांबले असेल तर २०२५ मध्ये ते कोणीही शोधू शकत नाही. छळाची बाजू घेणारे नेहमी पीडितांच्या नावाने बोलतात. मला वाटते की सर्वांत मोठी फसवणूक त्यांचीच होते, आणि हे मी संतापाने लिहितो आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. इंग्लंडमध्ये २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ माणसे मेली. सहा आयरिश पुरुष पकडले गेले, त्यांच्यातल्या चौघांच्या लेखी कबुल्या मिळाल्या, सगळ्यांना जन्मठेप झाली. १९९१ साली, १६ वर्षांनी, अपील न्यायालयाने त्यांना सोडले. स्फोट करणाऱ्या कोणालाही आजवर शिक्षा झालेली नाही. मात्र अशा प्रकरणांनी तिथल्या पोलिसांची चौकशीची रीत बदलली. १९८४ च्या कायद्यामागून संशयितांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित होऊ लागल्या आणि १९९२ पासून पोलिसांना नवी पद्धत शिकवली गेली: आरोपीला आधी पूर्ण बोलू द्या, मग त्याचे म्हणणे पुराव्याशी ताडून पाहा, तुमच्याकडची माहिती त्याच्या तोंडात घालू नका. गुन्हे उलगडायचे थांबले नाहीत.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे बारगळले. मोक्काचे कलम १८ जसेच्या तसे आहे, आणि माझ्या मते ते जायला हवे. उपायुक्ताचा हुद्दा आरोपीचे रक्षण करतो ही कल्पना त्या ६७१ पानांत मोडून पडली आहे. कबुली द्यायची असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, वकिलाशी बोलून झाल्यावर.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातातली आहे. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावायला सांगितले आहेत: दारात, कोठडीत, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीत. चित्रण १८ महिने जपायचे आहे, ते शक्य नसेल तिथे निदान एक वर्ष. तुमच्या ठाण्यात ते कॅमेरे किती आहेत, कुठे आहेत, चालू आहेत का, चौकशीच्या खोलीत आहेत का, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारता येते. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करायचा, शुल्क १० रुपये, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करायचे.